बगळ्याचं पान

मनकर्णाबाईंना कुणी शिक्षण विचारलं, तर त्या "बारावी सायन्स" असं सांगत आणि 'सायन्स' या शब्दावर जरा थांबत. पुढं शिकायचं राहून गेलं. बारावीच्या निकालानंतर तीन महिन्यांत लग्न झालं, किसनरावांबरोबर त्या बाळापूर तालुक्यातल्या या गावात आल्या आणि दोन वर्षांनी गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागल्या. त्या सायन्समधली एकच गोष्ट त्यांच्याजवळ उरली होती, प्राणीशास्त्राची जर्नल. डाव्या पानावर पेन्सिलनं काढलेला बेडूक, उजव्या पानावर आखलेल्या रेघांमध्ये त्याची माहिती. इंग्रजीतले ते मथळे त्यांनी कधीचेच मनातल्या मनात मराठी करून ठेवले होते: आढळ, अन्न, सवयी, शत्रू, आयुष्य.

गावात त्यांचं नाव होतं ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे त्या अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या कपाळाला हात लावून मगच त्याला आत घेत. ताप नसला तरी लावत. दुसरी म्हणजे त्यांचं शुद्ध बोलणं. घरी त्या गावासारख्याच बोलत, पण अंगणवाडीचा उंबरा ओलांडला की पोरांचा एकेक शब्द दुरुस्त होई. आमच्याकडे 'ळ' कुणाच्या जिभेवर टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. मनकर्णाबाई पोरांना रांगेत बसवून म्हणून घेत, "डोया नाही, डोळा. काया नाही, काळा. बगया नाही, बगळा." मदतनीस गंगूबाई खिचडी ढवळता ढवळता हसत. "शायेत गेले का शिकतीनच ना बावा, आतापासून काहून त्यायची जीभ वढून राहिल्या?"

"शाया नाही, गंगूबाई. शाळा."

"घ्या. आता मायीही शाया सुरू झाली."

त्यांच्या धाकट्या लेकीला, दीक्षाला, ही शाळा घरीही होती. मोठा प्रीतम तिच्याहून आठ वर्षांनी मोठा आणि धडधाकट. दीक्षाला सिकलसेल होता, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. दुसऱ्या वर्षी हातापायाची बोटं सुजली तेव्हा कळलं. गावातल्या पोरांची वजनं, लसी, औषधं यांच्या याद्या करणाऱ्या बाईच्याच घरात हे निघालं. मनकर्णाबाईंनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण कपाळाला हात लावायची सवय त्या वर्षापासूनची.

दीक्षा नऊ वर्षांची असताना तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. हाडं दुखत होती, श्वास पुरत नव्हता. किसनराव अकोल्यातच एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, ते ड्यूटी संपली की डबा घेऊन येत. दिवसभर मायलेकी दोघीच. खाट भिंतीकडची होती. खिडकी होती ती लांब, तिच्यातून समोरच्या इमारतीची दुसरी भिंत दिसे.

"आई, अठी पाह्याले काईच नाई," दीक्षा चौथ्या दिवशी म्हणाली. बरं असलं की ती घरी तासन्‌तास अंगणात मुंग्या बघत बसायची.

"हे काय, एवढं सगळं आहे. हा थर्मास पाहा."

"त्याचं काय पाह्याचं?" मग थोड्या वेळानं, पडल्या पडल्याच, "हे काय खाते?"

"थर्मास? चहा खातो."

"आन् कुठी राह्यते?"

"खाटेखाली."

"त्याले कोन मारते?"

मनकर्णाबाईंना एकदम आपली जर्नल आठवली. त्या संध्याकाळी किसनरावांना त्यांनी दोनशेपानी वही आणायला सांगितली. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर माहिती. चित्र मनकर्णाबाई काढत, माहिती दीक्षा सांगे.

*थर्मास. आढळ: खाटेखाली, उन्हात नाही. अन्न: गरम चहा, दूध. सवयी: पोट भरलं की तोंड घट्ट मिटून बसतो. शत्रू: धक्का. आयुष्य: पडेपर्यंत.*

*कंगवा. अन्न: केस. सवयी: दात खूप, पण चावत नाही. म्हातारा झाला की दात पडतात. आयुष्य: एकेका दातानं कमी होतं.*

*चप्पल. आढळ: दाराबाहेर. सवयी: जोडीनं राहते. शत्रू: कुत्रा. आयुष्य: जोडीदार हरवला की संपलं.*

बाजूच्या खाटांवरच्या बायाही सुचवू लागल्या. कुणी उशी म्हणे, कुणी चाळणी. थर्मामीटर झाला, सुई झाली. अकोटकडची एक म्हातारी होती, ती रोज सकाळी विचारे, "काय वो पोरी, आज कोनता जनावर धरला?"

बाराव्या दिवशी दीक्षानं वही स्वतः मागून घेतली. डाव्या हाताला सलाइन होतं, उजव्या हातानं तिनं एक उभी रेघ काढली, वर वाकडी मान, मानेला लटकलेली पिशवी, खाली फाकलेली नखं. सलाइनचा स्टँड. उजव्या पानावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

*बगया. माणसाजवळ राहतो. एका पायावर उभा असतो. रात्री पण बसत नाही. अन्न: पाणी. थेंब थेंब खातो. शत्रू: नाही.*

मनकर्णाबाईंनी वाचलं. "बगया नाही गं, बगळा."

"हा बगयाच हाये," दीक्षा म्हणाली. "बगळा तुह्या अंगनवाडीत." आणि हसली. मग 'आयुष्य' या शब्दापाशी पेन अडलं. "आई, हा किती वर्सं जगते?"

"मला नाही माहीत."

"मंग राहू दे. मालूम झालं का लिहू."

ती जागा रिकामी राहिली. एकोणिसाव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, डॉक्टरांची फेरी चालू असताना दीक्षा गेली.

वही दोन वर्षं कपाटात होती. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात अंगणवाडीत पोरं कोंडून बसली होती, रडारड चालली होती, तेव्हा मनकर्णाबाईंनी सहज खिचडीच्या भांड्याकडं बोट करून विचारलं, "हा गंज काय खातो रे?" पोरं थांबली. "तांदूय!" "दाय!" "हा गंज कुठं राहतो?" "गंगूबाईजवय!" त्या दिवसानंतर मनकर्णाबाईंनी वहीतली पानं जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मोठी करून काढायला घेतली. दवाखान्यातल्या वस्तूंबरोबर गावातल्या वस्तू आल्या: खराटा, गंज, पोळपाट, कंदील. सव्वीस पानं झाली. वरून दोऱ्यानं शिवली.

शेवटचं पान दीक्षाचं. त्यावर चित्र काढायला मात्र त्यांचा हात चालेना. त्यांनी फक्त शब्द उतरवले. आणि उतरवताना, इतक्या वर्षांच्या सवयीनं, 'बगया' खोडून 'बगळा' लिहिलं. पोरांसमोर अशुद्ध कसं ठेवणार? चित्राची जागा कोरी राहिली. त्या पानाशी आल्या की मनकर्णाबाई पुस्तक मिटत. "झालं. आता हात धुवा."

मागच्या वर्षी अमरावतीच्या एका संस्थेची वर्षाली नावाची मुलगी अंगणवाडी बघायला आली. साताऱ्याकडची, अमरावतीत येऊन वर्षच झालं होतं. तिनं ते शिवलेलं बाड चाळलं, पुन्हा पहिल्यापासून चाळलं आणि म्हणाली, "ताई, हे छापायला पाहिजे. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत जाईल. चित्रं आमचा पुण्याचा चित्रकार नव्यानं काढेल. नाव तुमचंच."

मनकर्णाबाईंनी नावाचा विचारही केला नाही. त्यांच्या मनात एकच आलं. दोन जिल्ह्यांतली पोरं दीक्षानं लिहिलेलं वाचतील. त्यांनी वर्षालीला सांगितलं, "बाकी काय बदलायचं ते बदला मॅडम. शेवटचं पान तेवढं राहू द्या."

"राहील की, ताई."

महिन्याभरानं वर्षालीचा फोन आला तेव्हा त्या एका पोराला वजनकाट्याच्या झोळीत बसवत होत्या. समोर चार आया उभ्या. "ताई, थर्मामीटर आणि सुई ही दोन पानं आम्ही काढतोय. दवाखान्याच्या वस्तू बघून लहान मुलं घाबरतात, असं सगळ्यांचं मत पडलं. चालेल ना?"

"चालेल."

"आणि बगळ्याच्या पानावर चित्र नाहीये. बगळा म्हणजे बगळाच ना?"

झोळीतलं पोर रडत होतं. काटा हलत होता. मनकर्णाबाईंना कळलं की आता 'नाही' म्हटलं तर ते तिसरं पान होणार. "हो," त्या म्हणाल्या. "बगळाच."

"मला फार आवडलंय ते. सगळ्या वस्तू, वस्तू, वस्तू, आणि शेवटी एकदम पक्षी. म्हणजे मूल घरातून खिडकीबाहेर बघायला लागतं, नाही?"

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पानं तयार झाली तेव्हा तपासायला त्यांना अमरावतीला बोलावलं. बाळापूरहून अकोला, अकोल्याहून दुसरी एसटी. प्रीतम अमरावतीतच शिकायला होता, तो बसस्टँडवर गाडी घेऊन आला. संस्थेचं ऑफिस पंचवटी चौकाच्या पुढं, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. वर्षालीनं टेबलावर रंगीत पानं मांडली. कागद गुळगुळीत, वास नवा.

खराटा झकास होता. चप्पल तर बोलेल अशी. मग सातवं पान आलं आणि प्रीतम खुर्चीवरून पडायचाच राहिला. वर नाव: 'गंज'. खाली मजकूर: 'आढळ: चुलीवर. अन्न: तांदूळ, डाळ, कधी कधी बटाटा.' आणि चित्रात एक मोडकी लोखंडी खिडकी, तिच्यावर तांबूस पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांना तोंड काढून तांदूळ भरवलेला.

"मॅडम, हे काय होय?" प्रीतमनं विचारलं.

"गंज," वर्षाली म्हणाली. "लोखंडाला चढतो तो. आम्हालाही जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं, ताईंची कल्पना असेल."

"अवो मॅडम, गंज म्हंजे गंज! भाजी करतो त्याच्यात! पातेलं!"

वर्षाली इतकी हसली की शेजारच्या खोलीतले दोघं बघायला आले. मनकर्णाबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो. खूप दिवसांनी असं हसू आलं होतं. "जंग म्हणतो आम्ही त्याला, मॅडम. जंग लागला म्हणतो."

"बरं झालं आलात, ताई. नाहीतर दोन जिल्ह्यांत नाव निघालं असतं माझं. अजून काही असेल तर आत्ताच सांगा हं. उद्या छपाईला जातंय." तिनं शेवटचं पान समोर सरकवलं.

हिरवं शेत. ओल्या काळ्या मातीच्या सऱ्या. मधोमध पांढराशुभ्र बगळा, मान वाकवून, एक पाय पोटाशी घेऊन. चोचीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. खाली दीक्षाचे शब्द, ठळक अक्षरांत. माणसाजवळ राहतो. रात्री पण बसत नाही. थेंब थेंब खातो. आणि शेवटची ओळ: 'आयुष्य: दहा-बारा वर्षं.'

"ती जागा रिकामी राहिली होती तुमच्याकडून," वर्षाली म्हणाली. "मी शोधून भरली."

प्रीतमचं हसू गेलं होतं. त्यानं ती वही पाहिलेली होती. "मॅडम, हा बगळा नाही. हा—"

"प्रीतम," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गाडी कुठं लावली तू? नो पार्किंगचा बोर्ड होता तिथं. बघून ये."

"आई."

"बघून ये म्हटलं ना."

तो उठला. जाताना दार जरा जोरातच लागलं. वर्षाली मायलेकांकडं बघत होती. "ताई, काही चुकलंय का याच्यात?"

मनकर्णाबाईंनी पानावर हात ठेवला. त्यांचा तळवा बगळ्याच्या पाठीवर आला. बोललं की पान गेलं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ही मुलगी भली होती, तिनं हात जोडून माफी मागितली असती, आणि पान काढलं असतं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "चित्र चांगलं आहे."

खाली प्रीतम गाडीला टेकून उभा होता. नो पार्किंगचा बोर्ड वगैरे काही नव्हता. "काहून नाई सांगितलं तू?"

"सांगतलं असतं तर काढलं असतं त्यायनं."

"काढू द्याचं होतं! हे काय हाये मंग? तिचा बगया हा हाये का? शेतातला?"

"शब्द तर तिचे हायेत."

"आन् दहा-बारा वर्सं? तेही तिनंच लिहिलं का?"

मनकर्णाबाई पदर खोचून गाडीवर मागं बसल्या. बस सुटायच्या वेळी प्रीतमनं खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "पोचली का फोन कर."

पुस्तकं दिवाळीनंतर आली. प्रत्येक अंगणवाडीला पाच. एक प्रत त्यांनी किसनरावांना दाखवायला घरी नेली. किसनराव हात धुऊन, पुसून बसले. एकेक पान उलटत गेले, थर्मासपाशी जरा थांबले. शेवटचं पान बराच वेळ उघडं ठेवलं.

"पक्षी चांगला काढला," ते म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी ते फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते डबा न घेताच ड्यूटीवर गेले.

अंगणवाडीत मनकर्णाबाईंनी पोरांना गोल बसवलं, कपाळं बघून झाली, आणि पुस्तक उघडलं. गंज आला तेव्हा पोरांनी गंगूबाईंच्या नावानं आरडाओरडा केला. या वेळी चित्रात खराखुरा गंज होता. खराट्याला टाळ्या पडल्या. शेवटचं पान आलं. आज पुस्तक मिटायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. त्यांनी सावकाश वाचलं. "बगळा. माणसाजवळ राहतो. एका पायावर उभा असतो. रात्री पण बसत नाही. अन्न: पाणी. थेंब थेंब खातो."

"म्याडम, खोटं हाये," कुणीतरी म्हणालं.

आचल होती. महादेवरावांची नात, पाच वर्षांची, रोज आजोबांबरोबर वावरात जाणारी.

"काय खोटं आहे?"

"बगया पानी नाई खात. आमच्या वावरात येते ना. वखराच्या मांगं मांगं फिरते. किडे खाते."

"मासोया खाते!" दुसरी म्हणाली.

"रात्री तर झाडावर बसते," आचलनं पुढचीही ओळ पाडली. "नदीवरच्या बाभयीवर. सगये बसते. मी पाह्यलं. हे लिहिनाऱ्याले काईच नाई मालूम."

पोरं हसली. एकानं "खोटं, खोटं" असा ताल धरला आणि बाकीच्यांनी उचलला. दारातून गंगूबाई बघत होत्या, हातातला चमचा तसाच. दवाखान्यात दोनदा भाकरी घेऊन आलेल्या त्याच होत्या. त्यांना ती वही माहीत होती.

मनकर्णाबाई पानाकडं बघत होत्या. या पोरांना सांगता आलं असतं. पण पुढच्या गावात, दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या अंगणवाड्यांत कुठली तरी आचल आज हेच म्हणत असणार, आणि तिथं सांगायला कुणी नव्हतं. तिथं दीक्षा फक्त चुकलेली होती. त्या स्वतः सव्वीस वर्षं जे दुरुस्त करत आल्या, तसली चूक.

"बरोबर आहे आचलचं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता. "पुस्तकात चुकलं आहे. बगळा किडे खातो. मासोळ्या खातो." मग टेबलावरून बॉलपेन घेतलं.

गंगूबाई आत आल्या. "मनकर्णाबाई, ते तर दीक्षाचं..."

"पोरांनी चुकीचं शिकू नये, गंगूबाई."

'पाणी' वर त्यांनी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'किडे, मासे' लिहिलं. 'थेंब थेंब खातो' खोडलं. 'रात्री पण बसत नाही' खोडून 'रात्री झाडावर बसतो' केलं. गुळगुळीत कागदावर शाई नीट धरेना, दोनदा गिरवावं लागलं. माणसाजवळ राहतो, हे आचलनं चालू दिलं. एका पायावर उभा असतो, हेही.

"आन् हे काय लिहेल हाये खाली?" आचलनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आयुष्य. किती वर्षं जगतो ते."

"किती?"

"दहा-बारा."

"हे बरोबर हाये का?"

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे बरोबर आहे."

त्यांनी दुसरी प्रत ओढली. मग तिसरी. चौथी होईपर्यंत पोरांचं लक्ष उडालं होतं, ती खिचडीच्या वासाकडं वळली होती. पाचवी प्रत घरी फळीवर होती. ती त्यांनी संध्याकाळी दुरुस्त केली.